काइटमध्ये हवा भरायची कशी? हातपंप, बॅटरीचा पंप आणि नुसता वारा

सोलापुरात पतंग उडतात ते संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. कागद, दोन काड्या, मांजा. हवा भरण्याचा प्रश्नच नाही. समुद्रावर फळीवर उभं राहून ज्याच्या ओढीनं पाणी कापत जातात, तो काइट मात्र पिशवीतून निघतो तेव्हा नुसता कापडाचा गठ्ठा असतो. माझा भाचा गोव्यातून असा नऊ चौरस मीटरचा एक जुना काइट घेऊन आला. सोबत पंप नव्हता. मग त्यानं सोलापुरी पोराला सुचेल तेच विचारलं, "मामा, चौकातल्या पंक्चरवाल्याकडं नेऊ का? दोन मिनिटात टाइट करून देतो की."

नको, एवढं उत्तर सोपं आहे. का नको, हे सांगायला जरा वेळ लागतो, आणि ते सांगता सांगता हवा भरण्याच्या जवळपास सगळ्या पद्धती येऊन जातात.

हवा जाते कुठं

सगळा काइट फुगवतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अंगाचं मोठं कापड, म्हणजे कॅनोपी, एकेरीच असतं. हवा जाते ती पुढच्या कडेच्या जाड, कमानदार नळीत, जिला लीडिंग एज म्हणतात, आणि तिच्यापासून मागे जाणाऱ्या बारीक नळ्यांत, म्हणजे स्ट्रटमध्ये. स्ट्रट बहुधा तीन किंवा पाच असतात. हलक्या वाऱ्यासाठीच्या काही काइटना एकच असतो, काहींना एकही नसतो.

प्रत्येक नळी दुहेरी असते. आत टीपीयू नावाच्या पातळ, लवचिक प्लास्टिकचा ब्लॅडर, बाहेर डेक्रॉनचं, म्हणजे घट्ट विणलेल्या पॉलिएस्टरचं कवच. सायकलच्या ट्यूबचं आणि टायरचं जे नातं, तेच या दोघांचं. हवा ट्यूब धरते, ताण टायर सोसतो. ब्लॅडर कवचाबाहेर काढून फुगवला तर तो एका जागी फुगा धरतो आणि तिथंच जातो. भोक शोधायला तो बाहेर काढावा लागतो खरा, पण तेव्हा जेमतेम गोल होईल इतकीच हवा भरायची.

कॅनोपीचं कापड रिपस्टॉप असतं. यंत्रमागावर हात बसलेल्याला ते पाहताक्षणी कळेल: उभ्या आणि आडव्या धाग्यांत ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असतो, त्यामुळे बारीक चौकडी दिसते आणि फाटत आलेलं कापड त्या जाड धाग्याशी येऊन अडतं.

हवेची नळी हाच सांगाडा, ही कल्पना फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांची. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पाण्यात पडला तरी बुडणार नाही आणि पाण्यावरूनच पुन्हा वर चढेल, असा काइट त्यांना हवा होता. विपिका या नावानं तो बाजारात रुजायला १९९७ उजाडलं. म्हणजे या हवेला दोन कामं आहेत: वर असताना आकार धरायचा आणि खाली पडल्यावर तरंगायचं. दुसरं काम नवखे विसरतात. भर समुद्रात वारा पडला तर हाच फुगलेला काइट धरून माणूस किनाऱ्याला येतो.

लिटर वेगळे, दाब वेगळा

हवा भरताना दोन गोष्टी लागतात आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही. आधी रिकामी नळी भरायला भरपूर हवा लागते, तेव्हा दाब जवळजवळ शून्य असतो. शेवटी दाब वाढवायचा असतो, तेव्हा हवा थोडीच लागते पण जोर फार. पंपांचे जितके प्रकार आहेत, ते सगळे या दोन टोकांमधली वेगवेगळी तडजोड आहेत.

आकडे मांडू. नऊ चौरस मीटरच्या काइटमध्ये लीडिंग एज आणि स्ट्रट मिळून अंदाजे सव्वाशे लिटर जागा धरू. दाब ७ पीएसआय लागतो (टायरमध्ये हवा भरताना वापरतात तेच हे दाबाचं माप), म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर जवळपास अर्धा बार. बाहेरची हवा स्वतःच एक बार असते. तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा दीडपट दाटीनं बसवायची. सव्वाशेचे दीडपट, म्हणजे बाहेरची सुमारे १९० लिटर हवा आत ढकलायची.

आता हातपंप घ्या. नळा दहा सेंटिमीटर रुंद आणि दांड्याची चाल पंचेचाळीस सेंटिमीटर असेल तर एका दाबात साडेतीन लिटर हवा जाते. हिशेबानं पंचावन्न दाब, गळती आणि अर्धवट मारलेले दाब धरून साठ-सत्तर. पण शेवटच्या दाबांना काय लागतं ते पाहा. ७ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो. दहा सेंटिमीटर रुंद नळ्याचं क्षेत्रफळ अठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. म्हणजे दांडा अडतीस-एकोणचाळीस किलोनं खाली रेटावा लागतो. तेरा सेंटिमीटर रुंदीचा पंप घेतला तर हवा भराभर जाते, पण शेवटी पासष्ट किलोचा रेटा लागतो. अंगानं किरकोळ माणूस त्या दांड्यावर अक्षरशः लोंबकळतो आणि पंप खाली जात नाही. दुकानात मोठा पंप बघून लगेच घेऊ नका. आधी स्वतःचं वजन आठवा.

उलट टोकाला सायकलचा पंप. तीन सेंटिमीटरचा नळा, शेवटचा दाबही तीन-साडेतीन किलोनं जातो, लहान पोर मारेल. पण एका दाबात हवा जेमतेम पाव लिटरच्या थोडी वर. सहाशे वेळा दांडा मारायची तयारी असेल तर जरूर वापरा. शिवाय तोंड जुळत नाही ते वेगळंच.

हातपंपांमध्ये आणखी एक भेद आहे. साधा पंप दांडा खाली जातानाच हवा देतो. दुहेरी पंप वर ओढतानाही देतो, त्यामुळे नळी निम्म्या वेळात गोल होते. शेवटी मात्र वर ओढताना पाठ मोडते, म्हणून बऱ्याच दुहेरी पंपांना एक बूच असतं. ते काढलं की पंप एकेरी होतो. पाय पंपाच्या पट्ट्यांवर, हात सरळ, आणि जोर दंडातून नाही तर कमरेतून वाकून अंगाच्या वजनानं. दंडानं मारणारा तिसाव्या दाबाला हरतो.

पंपावरच्या काट्याबद्दल थोडं. दांडा दाबताना काटा पुढं उडतो, कारण तो नळीतला क्षणाचा दाब दाखवतो, काइटमधला नाही. दांडा खाली हळू दाबून धरला आणि काटा जिथं स्थिरावला, तो आकडा खरा.

एकेक नळी की सगळ्या एकदम

जुन्या काइटमध्ये प्रत्येक नळीला स्वतःचं तोंड असतं. तिथं आधी स्ट्रट भरायचे, मग लीडिंग एज. उलट केलं तर काइट आधीच कमान धरून उभा राहू बघतो, वारा त्यात शिरतो आणि तुम्ही एका हातानं काइट धरून दुसऱ्यानं स्ट्रटचं बूच शोधत बसता. पाच स्ट्रट म्हणजे सहा वेळा पंपाची नळी काढायची आणि लावायची. त्यातलं एखादं तोंड वाळूनं भरलेलं असतंच.

ही कटकट टाळायला वन पंप पद्धत आली. लीडिंग एजमधून प्रत्येक स्ट्रटकडं एक छोटी लवचिक नळी जाते, तोंड एकच. एका ठिकाणी पंप लावला की सगळं मिळून भरतं. प्रत्येक छोट्या नळीवर एक क्लिप असते. भरताना ती उघडी ठेवायची आणि भरून झाल्यावर लावायची. हे लावणं बरेच जण टाळतात, आणि माझ्या मते तो आळस महागात पडणारा आहे. क्लिप उघडी असताना लीडिंग एज फुटली तर स्ट्रटमधली हवाही त्याच वाटेनं जाते आणि हाताशी तरंगायला काहीच उरत नाही.

नव्या काइटवरचं तोंड रुंद असतं, आतल्या बाजूला एकाच दिशेनं उघडणारी पडदी असते. हवा अडथळ्याशिवाय जाते आणि पंपाची नळी काढली तरी परत येत नाही. जुन्या बारीक तोंडात नोझल घट्ट खुपसून दोरीनं अडकवायचं असतं, आणि काढल्यावर झटकन बूच लावायचं. नवी आणि जुनी तोंडं एकमेकांना चालत नाहीत. जुना काइट विकत घेताना कापड सगळे बघतात. तोंड कोणतं आहे आणि त्याचं नोझल सोबत आहे का, हे विचारायचं राहून जातं.

कुठलीही पद्धत असो, पंपाची दोरी काइटच्या मधल्या कडीला अडकवल्याशिवाय पहिला दाब मारू नये. अर्धवट भरलेला काइट वाऱ्याला सर्वांत आवडतो.

सात हा आकडा येतो कुठून

गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस भरतो, मग इथं सहा-सात-आठच का? नळीचा ताठपणा दाबावर अवलंबून असतोच, पण जाडीवर कितीतरी जास्त. हवेची नळी वाकून सुरकुती पडायला जितका जोर लागतो, तो दाब दुप्पट केला तर दुप्पट होतो. त्रिज्या दुप्पट केली तर आठपट होतो. म्हणून वीतभर जाडीची लीडिंग एज ७ पीएसआयला इतकी ताठ होते की गुडघ्यावर वाकत नाही.

जाडीची किंमतही असते. कवचावरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीत ७ पीएसआय भरले की कवचाच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर जवळपास पाच किलोचा ताण येतो, आणि शिवणीवरही. यावरून सरळ कळतं की मोठ्या, जाड नळीच्या काइटला कमी दाब पुरतो आणि तेवढाच सोसतो, तर लहान, बारीक नळीच्या काइटला जास्त दाब द्यावा लागतो आणि तो द्यायला हरकतही नसते. मोठा काइट म्हणून जास्त हवा, हा हिशेब लिटरला लागू आहे, पीएसआयला नाही. नेमका आकडा तोंडाजवळ छापलेला असतो, तोच पाळावा. अलुलासारखी नवी, न ताणणारी कापडं वापरलेल्या काइटवर तो वरचाही असतो.

कमी भरलेला काइट झोताबरोबर मधोमध दुमडतो, उशिरा वळतो आणि पाण्यात पडला की लोळागोळा होऊन उठत नाही. नवखे बहुतेक वेळा कमीच भरतात, कारण हात दुखायला लागले की सहालाच सात समजतात. काटा बिघडला असेल तर लीडिंग एजवर टिचकी मारा. भद्द आवाज आला तर अजून हवी, टणटणीत आला तर जवळ आलात. टोक दुमडून सोडलं तर झटक्यात सरळ व्हायला हवं.

पंक्चरचं दुकान आणि विजेवरचे पंप

आता भाच्याच्या प्रश्नाकडं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभराच्या वर पीएसआय असतात. त्याच्या गेजचा काटा ट्रकच्या टायरसाठी आखलेला, पहिल्या दहामध्ये तो काय दाखवतो यावर भरवसा नाही. शिवाय त्या टाकीत पाणी साचतं, कॉम्प्रेसरचं तेलही हवेबरोबर येतं, आणि ते ब्लॅडरमध्ये जातं. तोंड कसंबसं जुळवलंच, तर पहिली दीडशे लिटर हवा सुखानं जाईल. पण साताचे चौदा व्हायला मग काही क्षण पुरतात, आणि शिवण आडवी उसवते. पंक्चरवाल्याचा त्यात दोष नाही. त्याचं यंत्र थोड्या जागेत मोठा दाब भरायला आहे, आणि काइटला नेमकं उलट हवं.

गाडीच्या सिगारेट लायटरवर चालणारा छोटा टायर पंप त्या मानानं निरुपद्रवी. तो मिनिटाला वीस-तीस लिटर देतो. १९० लिटरसाठी आठ-दहा मिनिटं, तोवर तो तापून बंद पडला नाही तर. चालेल, पण मजा नाही.

खास काइटसाठी किंवा फुगवायच्या पॅडल बोर्डसाठी मिळणारे बॅटरीचे पंप दोन टप्प्यांत चालतात. आधी पंखा भराभर हवा ढकलतो, दाब थोडा चढला की आतला छोटा कॉम्प्रेसर काम हाती घेतो. आवाज बदलतो तो त्या वेळी. हवा तो आकडा लावून ठेवला की पंप स्वतः थांबतो. पाठ दुखणाऱ्यांना आणि शाळा चालवणाऱ्यांना हे उत्तम. दोन गोष्टी मात्र बघा. पॅडल बोर्डला पंधरा-वीस पीएसआय लागतात आणि आकडा आधीच्या माणसानं तसाच ठेवलेला असू शकतो. आणि पडद्यावर बार आहे की पीएसआय, हे बटण दाबण्याआधी वाचा. थांबेल आपोआप म्हणून चहाला जाऊ नका.

सायकलवाल्यांची कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी? सोळा ग्रॅमच्या एका नळकांड्यातून जेमतेम नऊ लिटर वायू निघतो, म्हणजे वीसेक नळकांडी फोडावी लागतील. वर हा वायू टीपीयूमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो. विषय संपला.

सोलापूरचं ऊन

समुद्र लांब असला तरी गळती तपासायला काइट घरीच फुगवून बघावा. गावाबाहेरचं मोकळं मैदान सगळ्यात बरं. गच्चीवर करायचं तर दोऱ्या मुळीच जोडायच्या नाहीत, काइट उलटा ठेवून कापडावर वजनं ठेवायची, आणि जवळ विजेच्या तारा असतील तर तो बेत सोडायचा. तोंडाभोवती आणि क्लिपपाशी साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. रात्रभर फुगवून ठेवण्याची पद्धत आहे, तिच्यात मात्र आपल्याकडं एक गफलत होते.

मे महिन्यात दुपारी ४२ अंशात ७ पीएसआय भरा. पहाटे २६ अंश झाले की काटा सहाच्या आसपास दिसतो. भोक कुठंही नसतं. हवा थंड झाली की आकसते, एवढंच. सोलापुरात बाहेरची हवा सुमारे १४ पीएसआय, तिच्यात ७ मिळवले की आतली एकूण २१. तापमान केल्विनमध्ये मोजलं तर ३१५ वरून २९९ वर आलं, म्हणजे पाच टक्के घट. एकविसाचे पाच टक्के म्हणजे एक पीएसआय. सकाळी साडेपाच-सहा दिसले तर निश्चिंत राहा. तीन दिसले तर साबण काढा.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. सकाळी २५ अंशात सात भरले, काइट उन्हात पडून राहिला आणि आतली हवा पन्नासला गेली, तर दाब पावणेनऊच्या घरात पोचतो. शिवण जुनी असेल तर एवढं पुरतं. भरलेला काइट उन्हात ठेवायची वेळ आली तर थोडी हवा सोडावी, पाण्यात जाण्याआधी परत भरावी.

पंप नसलेला काइट

काइटची दुसरी जात आहे तिला पंपच लागत नाही. तिला फॉइल काइट म्हणतात. पॅराग्लायडरसारखी रचना: वर एक कापड, खाली एक, मध्ये कप्पे. पुढच्या कडेला झरोके असतात, वारा त्यातून आत शिरतो आणि कप्पे भरतो. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ मध्ये अशा कप्प्यांच्या पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पंखासारखे पसरणारे आजचे पॅराशूट आणि पॅराग्लायडर दोन्ही त्याच वाटेनं आले.

इथला दाब किती? वीस नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा दर चौरस मीटरला सुमारे ६४ न्यूटन. नळीच्या काइटमध्ये हाच आकडा ४८ हजार असतो. साडेसातशे पट फरक, आणि तरी फॉइल आकार धरतो. कारण नळीचा काइट स्वतःच्या सांगाड्यावर उभा असतो, तर फॉइलला खालून पसरलेल्या बारीक दोऱ्यांच्या जाळ्यानं जागोजागी ओढून धरलेलं असतं. हवेनं फक्त दोन कापडं वेगळी ठेवायची.

पाण्यासाठी बंद कप्प्यांचा फॉइल लागतो. झरोक्यांना आतून एकेरी पडद्या असतात, त्यामुळे पडल्यावर हवा लगेच निघून जात नाही. उघड्या कप्प्यांचा फॉइल बर्फावर आणि जमिनीवर ठीक, पाण्यात तो पोतं होतो. उडवण्याआधी झरोके वाऱ्याकडं धरून थोडी हवा आत जाऊ द्यायची, टोकं भरली की सोडायचं. घाई केली तर अर्धा भरलेला, अर्धा लोंबणारा पंख वर जातो आणि दोऱ्यांत गुंततो. वारा मंद असेल तर कुणी छोटा ब्लोअरही लावतात, कारण इथं दाब नको, फक्त भरपूर हवा हवी.

हवा काढताना

नळीच्या काइटचं मोठं बूच उघडलं की बरीच हवा एकदम जाते. उरलेली काढायला टोकांकडून मधल्या तोंडाकडं गुंडाळत यायचं. बऱ्याच हातपंपांना दुसरं छिद्र असतं, नळी तिथं लावली की पंप उलटा हवा ओढतो आणि ब्लॅडर चपटा होतो. बूच लावण्याआधी तोंडाच्या कडेवरची वाळू बोटानं पुसा. गळतीच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानंच मिटतात.

मग पिशवी कुठं ठेवता ते बघा. बंद गाडीच्या डिकीत आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये जी भट्टी होते, तिच्यात तोंड ब्लॅडरला धरून ठेवणारा गोंद सुटतो. चिकटवायची नवी तोंडं मिळतात. बसवण्याआधी जुना गोंद अल्कोहोलनं पूर्ण पुसायचा, ब्लॅडर सपाट पृष्ठभागावर पसरून सुरकुती न पडू देता तोंड दाबून बसवायचं, आणि निदान एक दिवस तरी त्यात हवा भरायची नाही.